गुणपत्रिका, पसंतीक्रम आणि भाषाविभाग

बारावीचा निकाल लागला की मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. मुलीला चांगले गुण मिळालेले असतात, आणि पुढे मराठी वाङ्मयाचा अभ्यास करावा अशी इच्छा तिने भीतभीत बोलून दाखविलेली असते. त्यावर कोणी तरी म्हणतो, "एवढे गुण पडले, आणि मराठी घेणार?" म्हणणारा बहुधा काका किंवा मामा असतो; वडील अशा वेळी गप्प राहून त्याला संमती देतात. या वाक्यात राग नसतो, उपहासही फारसा नसतो. असते ती हळहळ. हातची चांगली वस्तू वाया जाताना पाहून घरातल्या वडीलधाऱ्यांना होते तशी.

भाषेच्या अभ्यासकाने या प्रसंगातील क्रियापदांकडे थोडे लक्ष द्यावे. मराठीत गुण 'पडतात', जसा पाऊस पडतो किंवा फासे पडतात. मेडिकलला नंबर 'लागतो', जशी नोकरी लागते, लॉटरी लागते. प्रवेश 'मिळतो'. या सर्व वाक्यांत विद्यार्थिनी कर्त्याच्या जागी नाही. तिला गुण पडले, तिचा नंबर लागला, तिला प्रवेश मिळाला. मागच्या पिढीत 'कोणती साईड घेतली?' असे विचारीत, आणि तेथे 'घेणे' हे क्रियापद होते हे खरे. परंतु ते कर्तृत्व व्याकरणापुरतेच होते, कारण साईड कोणती ते दहावीच्या गुणपत्रिकेने आधीच ठरवून टाकलेले असे. मुलीने स्वतः होऊन काही घेतले असे ज्या वाक्यात खऱ्या अर्थाने म्हणता येईल, ते नेमके 'मराठी घेणार' हे वाक्य; आणि नेमके तेथेच घर तिला अडविते. 'गुण' या एकाच शब्दात मराठीने अंगचा चांगुलपणा आणि परीक्षेतला आकडा दोन्ही कोंबले आहेत, त्यामुळे हळहळ अधिकच गहिरी होते. आकडा वाया गेला की माणूसच वाया गेल्यासारखे वाटते.

या हळहळीमागे एक हिशेब आहे. गुण हे चलन, अभ्यासक्रम ही वस्तू, आणि प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी, असा तो हिशेब. खिशात शंभर रुपये असताना दहाची वस्तू घेणारा वेडा ठरतो. केंद्रीय विद्यापीठांत ही चिठ्ठी दीर्घ काळ 'कट-ऑफ' या नावाने लावली जात होती. वस्तुतः कट-ऑफ हा जागा किती आणि मागणारे किती यांच्या प्रमाणातून निघणारा आकडा आहे. विषयाच्या योग्यतेविषयी तो काहीही सांगत नाही. पण एकदा छापून आला की तो विषयाची प्रतच सांगतो असे धरले जाते. पुढच्या वर्षी अधिक गुणांची मुले तिकडे वळतात, आणि आकडा आणखी चढतो. दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने २०११ साली, बारावीला वाणिज्य न घेतलेल्यांसाठी, बी.कॉम. ऑनर्सचा कट-ऑफ १०० टक्के ठेवला तेव्हा देशभर खळबळ उडाली. २०२१ साली दिल्ली विद्यापीठातील अनेक महाविद्यालयांच्या पहिल्या याद्या राज्यशास्त्र, संगणकशास्त्र, वाणिज्य अशा विषयांसाठी १०० टक्क्यांवर लागल्या, त्या वेळी आश्चर्याचा भर बराच ओसरला होता. राज्यशास्त्राच्या किंवा भाषेच्या उत्तरपत्रिकेला पैकीच्या पैकी गुण मिळतात तेव्हा त्या उत्तरात नेमके काय नव्हते, हा प्रश्न खरे तर वाङ्मयाच्या शिक्षकांनी विचारायचा होता. तो फारसा कोणी विचारला नाही. उलट आपल्या विभागाचा कट-ऑफ गतवर्षीपेक्षा दोन टक्क्यांनी वर गेला याचे समाधान भाषाविभागांतूनही व्यक्त होत असे.

मार्च २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशांसाठी सामायिक परीक्षा जाहीर केली, सी.यू.ई.टी. या नावाने ती आज घरोघर माहीत आहे. पहिल्याच वर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी नावे नोंदविली. दिल्ली विद्यापीठापुरते बोलायचे तर बारावीचे गुण आता पात्रतेपुरते उरले. दोघांचे सामायिक परीक्षेतील गुण अगदी सारखे भरले तरच गुणपत्रिका पुन्हा उघडली जाते. तेथेही बरोबरी झाली तर ज्याचा जन्म आधीचा त्याला प्राधान्य, आणि तीही तारीख एक निघाली तर नावाचा वर्णानुक्रम. बारशाच्या दिवशी आत्याने मुलाचे नाव 'अ' वरून ठेवले याचा असा उपयोग होईल हे त्या घरात कोणाच्या मनात आले नसेल.

या परीक्षेविषयी भाषाविभागांतून जी सरसकट नाराजी ऐकू येते तिच्यात थोडा अन्याय आहे. लातूरच्या किंवा गोंदियाच्या मुलीला पूर्वी दिल्लीचा विचार करायचा तर कट-ऑफच्या याद्यांवर डोळे लावून बसावे लागे, आणि वाराणसीसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. राज्य मंडळाचे गुण केंद्रीय मंडळाच्या गुणांपुढे तोकडे पडत, ही तक्रार महाराष्ट्रातून वर्षानुवर्षे होत होती. आता एका परीक्षेत अनेक विद्यापीठांची दारे उघडतात, आणि प्रश्नपत्रिका तेरा भाषांतून, त्यांत मराठीतूनही, मिळते. हा लाभ लहान नाही. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुलीला इतिहासाची प्रश्नपत्रिका मराठीत वाचता यावी, ही गोष्ट विद्यापीठांच्या पहिल्या शतकात कोणाला स्वप्नातही दिसली नसती.

तथापि भाषेची म्हणून जी प्रश्नपत्रिका आहे तिच्याकडे पाहावे. पन्नास प्रश्न, साठ मिनिटे. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीला एक गुण वजा. उतारे वाचून चार पर्यायांतून एक निवडावयाचा, काही प्रश्न शब्दसंपत्तीचे आणि वाङ्मयीन जाणकारीचे. विद्यार्थिनी मराठीत एक वाक्यही लिहीत नाही. जिला कवितेविषयी स्वतःचे काही म्हणावयाचे आहे आणि जिला उताऱ्यातील समानार्थी शब्द झटकन सापडतो, त्या दोघींत ही प्रश्नपत्रिका भेद करू शकत नाही. तिची रचना त्यासाठी झालेलीच नाही. कट-ऑफच्या काळी निदान निबंध कोणी तरी वाचीत असे, घाईने का होईना.

निकाल आणि प्रवेश यांच्यामध्ये जो काळ जातो त्याचाही विचार करणे आवश्यक आहे, कारण निर्णय त्या काळात होतो. २०२२ साली महाराष्ट्राच्या बारावीचा निकाल ८ जूनला लागला आणि सामायिक परीक्षेचा १६ सप्टेंबरला. मधले अंतर बरोबर शंभर दिवसांचे. २०२४ साली हे दिवस २१ मे ते २८ जुलै असे अडुसष्ट होते, २०२५ साली ५ मे ते ४ जुलै असे साठ. अंतर कमी होत आले आहे ही चांगली गोष्ट. पण या साठ दिवसांत घर रिकामे बसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात जागा अडवून ठेवण्यासाठी शुल्क भरले जाते. ते परत मिळेल की नाही याची चौकशी चालते. शेजारच्या मुलाची अभियांत्रिकीची कॅप फेरी कुठवर आली ते रोज कळते. दिल्लीचा किंवा वाराणसीचा निकाल येईपर्यंत मुलीने गावातल्या महाविद्यालयात तास सुरू केलेले असतात, पुस्तके घेतलेली असतात, आणि 'आता कशाला उगीच लांब' या वाक्याला बळ आलेले असते. पैशाची ओढाताण असलेल्या घरात दोन ठिकाणी शुल्क भरणे शक्य नसते. तेथे निर्णय निकालाने होत नाही. जे आधी हाती आले त्याने होतो.

त्यानंतर येतो पसंतीक्रम. दिल्ली विद्यापीठाच्या जागावाटप पद्धतीत विद्यार्थ्याने महाविद्यालय आणि अभ्यासक्रम यांच्या जोड्या स्वतःच्या आवडीच्या क्रमाने लावावयाच्या असतात. यादी शेकडो ओळींचीही होऊ शकते. ठरलेल्या वेळी ती कुलूपबंद होते, आणि मग यंत्र वरून खाली पाहत जाऊन गुणांत बसणारी पहिली जागा देते. या पद्धतीतील एक साधी गोष्ट बहुसंख्य घरांना कळलेली नसते. वरच्या ओळीत मिळण्याजोगी नसलेली जागा लिहिली म्हणून खालच्या ओळीतील जागा मिळण्याची शक्यता तिळभरही कमी होत नाही. आणि वरच्या ओळीत 'सहज मिळणारी' जागा लिहिली तर खालची, अधिक हवी असलेली, जागा कायमची हातची जाते. म्हणजे या यंत्रापुढे प्रामाणिकपणा हाच शहाणपणा आहे. जे मनापासून हवे ते प्रथम लिहावे, मागच्या वर्षीचा आकडा काहीही असो.

पण घरोघर यादी तयार होते ती मागच्या वर्षीच्या किमान गुणांचा तक्ता समोर ठेवून. सर्वांत महाग ओळ वर, सर्वांत स्वस्त ओळ खाली. मुलीच्या आवडीचा क्रम म्हणून जो कागद विद्यापीठाकडे जातो तो प्रत्यक्षात गेल्या वर्षीच्या बाजारभावाचा उतारा असतो. वाणिज्य, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इंग्रजी, इतिहास अशी उतरण संपली की तळाशी भारतीय भाषांचे अभ्यासक्रम येतात. 'काहीच मिळाले नाही तर असू द्यावे' म्हणून. अशा रीतीने भाषाविभागात जी मुले पोचतात त्यांतील बऱ्याच जणांनी तो विषय निवडलेला नसतो. ती तेथे उरलेली असतात. आणि ज्या मुलीने तो निवडला असता, तिचे गुण जास्त असल्यामुळे ती वरच्याच कुठल्या ओळीत अडकून पडते. कमी गुणांची मुले येतात ही भाषाविभागांची तक्रार नेहमीची आहे आणि ती खोटी नाही. तथापि नुकसान तेथे होत नाही. कमी गुणांचा मुलगा मन लावून शिकला तर चांगला अभ्यासक होतो, याचा अनुभव प्रत्येक विभागात आहे. नुकसान होते ते ज्याला यावयाचे होते त्याला यंत्राने नव्हे, त्याच्याच हातच्या यादीने दुसरीकडे पाठविल्यामुळे.

जागा मिळाल्यावरही प्रकरण संपत नाही. ती ठरावीक मुदतीत स्वीकारावी लागते, नाही तर विद्यार्थी वाटपाच्या बाहेर पडतो. स्वीकारल्यावर 'फ्रीज' म्हणून तेथेच थांबता येते, किंवा 'अपग्रेड' म्हणून वरच्या ओळीची वाट पाहता येते. वरची ओळ मिळाली की आधीची जागा आपोआप रद्द होते. शब्दांची निवड पाहण्यासारखी आहे. थांबणाऱ्याला गोठलेला म्हणावयाचे आणि जाणाऱ्याला उन्नत. ज्याने आपली यादी बाजारभावाने लावली आहे त्याच्या बाबतीत ही 'उन्नती' म्हणजे विषय बदलणे, कित्येकदा न आवडणाऱ्या विषयाकडे जाणे असते. भाषाविभागात पहिल्या फेरीला दिसलेले चेहरे तिसऱ्या फेरीपर्यंत बदलतात. एखाद्या मुलीला वाङ्मयाची जागा योगायोगाने मिळालेली असते, यादीतील चुकीनेच ती हवी तेथे पोचलेली असते. अशा वेळी तिला 'फ्रीज' हे बटण दाबण्यास सांगणारे कोणी तरी लागते, आणि असे कोणी जवळ नसते.

येथवर सांगितले ते सर्वच भारतीय भाषांना लागू आहे. काही भाषांची स्थिती याहून वाईट आहे. सामायिक परीक्षेत सुरुवातीला तेहतीस भाषांच्या प्रश्नपत्रिका होत्या. २०२५ साली त्या तेरावर आल्या. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी बारा भाषा या तेरांत आहेत, तेरावी इंग्रजी. संस्कृतची सोय विषय म्हणून वेगळी. कोकणी, मैथिली, सिंधी, मणिपुरी, नेपाळी, काश्मिरी, डोगरी, बोडो आणि संथाळी या नऊ भाषांची प्रश्नपत्रिकाच राहिली नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सामान्य अभियोग्यतेची परीक्षा द्यावी असे सुचविण्यात आले. प्रश्नपत्रिका मागणारे थोडे, हे कारण समजण्यासारखे आहे. परंतु मडगावच्या मुलीला कोकणी वाङ्मय शिकावयाचे असेल तर तिची योग्यता आकडेमोडीच्या आणि चालू घडामोडींच्या प्रश्नांवरून ठरावी, यात भाषेच्या अभ्यासाविषयीची एक समजूत दडलेली आहे. ती समजूत अशी की, भाषेला स्वतःची अशी पूर्वतयारी लागत नाही. ज्याला अन्य काही जमले नाही त्याला ती जमेल.

मराठीचा प्रश्न किंचित निराळा आहे. मराठीची प्रश्नपत्रिका आहे, ती देऊ शकणारी मुले लाखांनी आहेत. मात्र शाळेतच धागा तुटत जातो. महाराष्ट्रात अकरावीला इंग्रजी सक्तीची, आणि दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेता येतो. त्यात गुण चांगले पडतात म्हणून विज्ञान शाखेची मुले तो मोठ्या संख्येने घेतात; म्हणजे पंधरासोळाव्या वर्षीच मराठी सुटते. त्याआधी शाळेत संस्कृत घेतलेले असते तेही 'स्कोअरिंग' म्हणून, आणि कालिदासाला या कारणासाठी एवढे वाचक मिळावेत हा योगही विलक्षणच. महाराष्ट्राबाहेर इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांत भाषा स्वयंपाकघरात आणि देवघरात जिवंत असते, पण मुलीच्या गुणपत्रिकेवर मराठीची ओळच नसते. तिची आजी ओव्या म्हणते. तिला देवनागरी हिंदीमुळे येते. मराठी पुस्तक ती वाचू शकते, फक्त तसे तिला कोणी सांगितलेले नसते. काशी हिंदू विश्वविद्यालयात मराठीचा स्वतंत्र विभाग आहे, हे तिच्या घरी ठाऊक नसते. मराठी मुलखात, वर्ध्याला, जे केंद्रीय विद्यापीठ आहे त्याच्या नावातच हिंदी आहे. तेव्हा केंद्रीय विद्यापीठ आणि मराठी अशी सांगड तिच्या वडिलांच्या मनात बसू नये यात नवल नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो बिनतोड वाटतो. मराठीतील मोठे लेखक मराठीच्या विभागांतून आले कुठे? गंगाधर गाडगीळ आणि पु. शि. रेगे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, विंदा करंदीकर इंग्रजीचे. अरुण कोलटकर चित्रकलेच्या वर्गातून आलेले. मग हुशार मुलगी अर्थशास्त्राला गेली तर मराठीचे काय बिघडले? लेखनापुरता हा आक्षेप मान्य करावा. लेखक घडविणे हे विद्यापीठाचे काम कधी नव्हते. परंतु वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली प्रसिद्ध झाले, त्यामागे हस्तलिखितांची सांकेतिक लिपी उलगडण्यात गेलेले आयुष्य होते. शं. गो. तुळपुळे यांनी अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यासह जुन्या मराठीचा जो कोश सिद्ध केला तो शतकाच्या अखेरीस हाती आला. त्याआधी १९६३ मध्ये त्यांचे प्राचीन मराठी कोरीव लेखांचे संपादन आले होते. हे काम फावल्या वेळचे नव्हे. पाठभेद लावणे, शिलालेखातील झिजलेले अक्षर ओळखणे, मोडीतील दप्तर वाचणे, यासाठी अठराव्या वर्षी कोणी तरी त्या दाराने आत यावे लागते आणि तीस वर्षे आत राहावे लागते. तेराव्या शतकाची मराठी अडखळत न वाचणारे लोक किती उरले, हा प्रश्न मराठीच्या शिक्षकांनी एकमेकांत विचारून पाहावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. या दर्जाबरोबर केंद्रीय विद्यापीठांत अध्यासने निर्माण करण्याची तरतूद येते. ज्या रिद्धपुरात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले असे परंपरा सांगते, तेथे मराठी भाषेचे विद्यापीठही उभे राहिले आहे. अध्यासनावर बसण्यास विद्वान मिळेल. त्याच्यासमोर बसणारा कोण, हे मात्र त्या पसंतीक्रमाच्या यादीत ठरणार आहे, आणि त्या यादीविषयी अभिजात दर्जाच्या आनंदसोहळ्यांत एक शब्दही ऐकू आला नाही.

एकोणिसाव्या शतकात झगडा वेगळा होता. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी त्यांनी लिहिलेले टिपण त्याच खटपटीतले. कलकत्त्याला आशुतोष मुखर्जी यांनी १९१९ साली भारतीय भाषांची एम.ए. सुरू केली, आणि विद्यार्थ्याला आपल्या प्रमुख भाषेबरोबर दुसरीही एक भारतीय भाषा शिकावयास लावली. त्या पिढीला भाषेला विद्यापीठात आणावयाचे होते. भाषा आली, विभाग झाले, पदे भरली. विद्यार्थी येईलच असे गृहीत धरले गेले, आणि प्रवेश ही कचेरीतील कारकुनाची बाब ठरली.

प्रवेश ही विभागाची बाब आहे असे ठामपणे म्हणणारे उदाहरण अलीकडच्या काळात एकच ठळक दिसते, आणि ते बंगालचे आहे. जादवपूर विद्यापीठात इंग्रजी, बंगाली, तौलनिक साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र या सहा विषयांसाठी विभागांच्या स्वतःच्या लेखी प्रवेश परीक्षा होत. जुलै २०१८ मध्ये विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाने त्या रद्द करून केवळ शालेय गुणांवर प्रवेश देण्याचे ठरविले. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी उपोषण केले, शिक्षकांनीही विरोध नोंदविला, आणि थोड्याच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. परीक्षा पुन्हा सुरू झाली, शालेय गुण आणि लेखी परीक्षा यांना निम्मेनिम्मे वजन देऊन. परीक्षा नको म्हणून झालेली आंदोलने भारतात पुष्कळ आहेत. परीक्षा हवी म्हणून मुलांनी अन्न सोडावे हा प्रकार दुर्मीळ. त्यांचे म्हणणे साधे होते : गुणपत्रिकेवर जे दिसत नाही ते निबंधात दिसते, आणि ते पाहण्याचा अधिकार विभागाला असला पाहिजे.

ही पद्धत देशभर उचलता येणार नाही, हे स्पष्ट आहे. लाखोंचे निबंध वाचणार कोण, आणि वाचणाऱ्याच्या आवडीनिवडीत शहरी, सुशिक्षित घरातील भाषेला झुकते माप मिळणार नाही कशावरून? गडचिरोलीच्या मुलीने लिहिलेली मराठी पुण्याच्या परीक्षकाला अशुद्ध वाटेल, ही भीती निराधार नाही. मराठीच्या इतिहासात तिला पुरेसे आधार आहेत. सामायिक परीक्षेचा यांत्रिकपणा हा या बाबतीत आडोसाही ठरतो. म्हणून तिला हटविण्याची मागणी करण्यापेक्षा तिच्या शेजारी थोडी जागा मागणे अधिक व्यवहार्य दिसते. भारतीय भाषांच्या अभ्यासक्रमांपुरते, पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांकडून दोन पानांचे लेखन त्या त्या भाषेत घ्यावे. ते विभागातील दोघांनी आणि बाहेरच्या एकाने वाचावे. त्याला चतुर्थांश वजन द्यावे. या विभागांतील जागा मोजक्या आहेत, कागदही मोजकेच होतील. ज्या नऊ भाषांची प्रश्नपत्रिका राहिली नाही त्यांना तर दुसरा मार्गच नाही. तसेच पहिल्या वर्षाअखेर अन्य विषयातून भाषाविभागात येऊ इच्छिणाऱ्यासाठी काही जागा राखून ठेवाव्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली विषय बदलण्याची आणि मध्ये प्रवेश घेण्याची भाषा केली आहे. तिचा पहिला लाभ भाषांनी का मागू नये? अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात वसतिगृहाच्या खोलीवर कादंबऱ्या वाचीत बसलेली मुलगी प्रत्येक विद्यापीठात असते.

याहून साधे एक काम आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. निकाल आणि यादी कुलूपबंद होणे यांमधील दिवसांत विभागाने मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलावे. विभागात काय शिकवितात, कोणते ग्रंथ वाचले जातात, मागच्या दहा वर्षांत येथून बाहेर पडलेले आज कोठे आहेत आणि काय मिळवितात, हे मराठीत, खरे खरे, लिहून ठेवावे. नोकऱ्या कमी असतील तर तेही लिहावे. काकांच्या प्रश्नाला मुलीपाशी उत्तर नसते, कारण ते तिला कोणी दिलेले नसते. यादी कशी लावावी, 'फ्रीज' म्हणजे काय, मुदत चुकली तर काय होते, हे तिला आज खासगी शिकवणीवाला सांगतो, आणि तो तिला मराठी वरच्या ओळीत लिही असे सांगणार नाही. इंदूरहून किंवा बडोद्याहून एखादा बाप चौकशीसाठी विभागाकडे दूरध्वनी करतो, ते दिवस मे अखेरचे किंवा जूनचे असतात. विभाग उन्हाळ्याच्या सुटीवर असतो. शिपाई फोन उचलतो आणि 'सर जुलैत येतील' असे सांगतो.